फक्त बॉडी पाहिजे

जालना रोडवर, चिकलठाण्याच्या विमानतळाच्या अलीकडं एक मोठं हॉटेल आहे. त्याच्या दारात एक जुनी विलायती गाडी उभी केलेली आहे. हिरवी, गोल पाठीची, बटबटीत दिव्यांची. खाली पांढरी खडी, भोवती पितळी खांब आणि लाल दोरी. लग्नाला आलेली माणसं तिच्यापाशी फोटो काढतात. नवरी बॉनेटवर कोपर टेकवते, नवरदेव गॉगल लावून दारात पाय ठेवतो आणि फोटोवाला ओरडतो, "सर, थोडा ॲटिट्यूड!" डोंबलाचा ॲटिट्यूड! त्या गाडीच्या पोटात इंजिनच नाही. इतकी वर्षं झाली, इतके फोटो निघाले, पण ही चालते का, असं कुणी एकदासुद्धा विचारलं नाही.

मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. इंजिन कुठं आहे ते मला माहीत आहे.

गाडी माझ्या मित्राची होती. मित्र म्हटलं की आमच्या गारखेड्यातल्या बायकांच्या भुवया अजून वर जातात. विधवा मास्तरीण, आणि तिचा मित्र कोण, तर समोरच्या घरातला मुसलमान फौजी! चढवा बाई भुवया, तुमच्याच कपाळाला आठ्या पडतील, माझं काय जातं? मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. मला एवढंच कळतं की दोन माणसं रोज सकाळी एका कट्ट्यावर बसून चहा पितात आणि एका गाडीवरून भांडतात, तर त्याला मैत्रीच म्हणायचं. दुसरा शब्द असेल तर तुम्ही शोधा.

मी त्यांना हवालदार म्हणायची, ते मला बाई म्हणायचे. फौजेत ते ड्रायव्हर होते. दोन लढायांत त्यांनी दारूगोळ्याचा ट्रक चालवला, मग पेन्शन घेऊन गावी आले, एका भंगारवाल्याकडून ही गाडी घेतली आणि आमच्या समोरचं घर बांधलं. घराला कंपाउंड नव्हतं, गिलावा नव्हता, पण गाडीला पत्र्याची शेड पहिल्या दिवसापासून होती. त्यांची बायको बिचारी म्हणायची, "बाई, मेरे को भी जरा रंग मारके शेडमें रखते तो अच्छा होता." ती लवकर गेली. मग घरात ते आणि त्यांचा मुलगा, आणि शेडमध्ये ती.

आमची ओळख भांडणानं झाली. उन्हाळ्याची सुट्टी होती, मी अंगणात बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र, केसासारख्या बारीक तारेच्या. समोर ढर्र ढर्र आवाज झाला आणि असा काळा धूर आला की माझ्या कुरडयांवर काजळीची शिंपण झाली. मी पदर खोचून रस्ता ओलांडला. "अहो हवालदार, धूर बघा तुमचा! माणसं राहतात इथं! ही काय गाडी म्हणायची का वीटभट्टी?" हवालदार हातात लोखंडी हँडल घेऊन ताठ उभे. फौजेत साहेबापुढं उभं राहतात तसे. म्हणाले, "बाई, तुमचा गुस्सा बराबर आहे." एवढंच. माझा निम्मा राग तिथंच गेला, कारण आमच्या घरात, शाळेत, आख्ख्या खात्यात हे वाक्य मला तोवर कुणी ऐकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गाडीतून शाळेत सोडलं. प्रायश्चित्त म्हणून. आणि मग ते सोडतच राहिले.

मला गाड्यांचं काडीचंही प्रेम नव्हतं, आजही नाही. चार चाकं, एक छप्पर, पोचवलं म्हणजे झालं. पण हवालदार त्या गाडीबद्दल बोलायला लागले की ऐकत बसावं लागे, कारण ते थांबत नसत. तिला बटणाचा स्टार्टर होता, तो कधीच चालला नाही. पुढून हँडल घालून फिरवायचं. "अंगठा बाहेर, बाई! अंगठा बाहेर!" मी हट्टानं एकदा हँडल हातात घेतलं तेव्हा ते किंचाळलेच. अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मुठीत आवळायचा नाही. इंजिन उलटा झटका देतं आणि अंगठा मोडतं. त्यांचा स्वतःचा उजवा अंगठा तसाच मोडलेला होता, वाकडा, कोयरीच्या देठासारखा. पोरवयात, ट्रकवर क्लीनर असताना मोडून घेतलेला, उस्तादाचं न ऐकता.

आणि तिला वळण दाखवायला दिवा नव्हता, हात होता. दाराच्या मागच्या खांबात एक पिवळी पट्टी दडवलेली. खटका दाबला की ती टक्‌कन बाहेर आडवी यायची. यायची म्हणजे, यायला पाहिजे होती. डावीकडची यायची आणि परत जायचीच नाही, उजवीकडची मुळातच यायची नाही. मग हवालदार खिडकीतून आपला हात बाहेर काढायचे, सरळ, खांद्यापासून, फौजेत शिकवल्यासारखा. आता आमच्या गावाला हात दाखवून वळणारा माणूस कुठं माहीत? त्रिमूर्ती चौकात त्यांनी हात काढला की लोकांना वाटायचं, म्हातारा सलाम करतोय. भाजीवाला उलट सलाम करायचा, पानवाला "वालेकुम" म्हणायचा, एक रिक्षावाला तर हातात हात देऊन गेला! आणि हवालदार असले तहजीबवाले की केलेला सलाम परत केल्याशिवाय राहायचे नाहीत. तोवर वळण निघून जायचं. आम्ही सरळ पुढं जाऊन फिरून यायचो. मी डोक्याला हात लावायची. "अहो, गाडी चालवताय का मतं मागताय?" ते हसायचे आणि पुढच्या चौकात परत तेच.

त्यांचं हे वेड कुठून आलं ते त्यांनी मला एकदा सांगितलं, आणि तेव्हा मी चेष्टा केली नाही. त्यांचे वडील एका जहागीरदाराचे ड्रायव्हर होते. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, पुढं जहागिरी गेल्या, जहागीरदार हैदराबादला गेला तो परत आला नाही. गाडी त्याच्या देवडीच्या, म्हणजे वाड्याच्या, अंगणात तशीच राहिली. वडील रोज सकाळी जाऊन ती पुसायचे. पेट्रोल नाही, मालक नाही, तरी पुसायचे आणि म्हणायचे, "परसों निकलेंगे." मग टायर खाली बसले. मग मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायला लागल्या. हवालदार तेव्हा पाच-सहा वर्षांचे, ते ती अंडी गोळा करून आणायचे. वडिलांनी त्या गाडीतलं अंडं कधी खाल्लं नाही. एक दिवस भंगारवाले आले आणि गाडी घेऊन गेले, आणि वडील त्यानंतर घराबाहेर निघालेच नाहीत. खाटेवर बसून राहिले. "चलती थी तब तक अब्बा भी चलते थे, बाई," हवालदार म्हणाले होते.

आमचे लोक कसले नग! माणूस फौजेत आयुष्य घालून आला, तरी चहाच्या टपरीवर त्याला विचारणार, "का हो, ॲक्शनच्या टायमाला तुमचे वडील कोणत्या बाजूला होते?" असं विचारणाऱ्याचं वय बघावं तर ॲक्शननंतर पंचवीस वर्षांनी जन्मलेलं कार्टं! हवालदार शांतपणे सांगायचे, "उजव्या. विलायती गाडीचं स्टेअरिंग उजव्या बाजूलाच राहतं." मी मात्र विचारणाऱ्याला चांगलं सुनवायची, मग हवालदार मला गाडीत घालून घेऊन यायचे.

लढाईचं ते फारसं बोलत नसत. एकच गोष्ट त्यांनी सांगितली, तीही मी फार खोदून विचारल्यावर. रात्रीचा काफिला होता, दिवे विझवलेले. पुढचा ट्रक बंद पडला. तो चालवणारा त्यांचा जोडीदार, एकाच ताटात जेवणारा. हुकूम होता की बंद पडलेल्याला वळसा घालून पुढं जायचं, थांबायचं नाही. हे वळसा घालून पुढं गेले. मागं वळून बघितलं तेव्हा त्या उभ्या ट्रकवर गोळा पडला होता. "मी चालत होतो म्हणून राहिलो, बाई. तो उभा होता म्हणून गेला. बाकी काय फरक नव्हता आमच्यात." त्यानंतर त्यांना कुठलीही गाडी उभी बघवायची नाही. रविवारी काही काम नसलं तरी ते गाडी काढायचे, मला बसवायचे आणि लासूर स्टेशनपर्यंत जाऊन यायचे. का, तर तिला चालवायला पाहिजे.

लासूर स्टेशनला धान्याच्या मोंढ्याच्या वाटेवर एक रसवंती होती. आम्ही तिथं थांबायचो. हवालदार बिनबर्फाचा रस घ्यायचे, मी बर्फ घालून घ्यायची. रसवाला मोठा बोलघेवडा माणूस. त्याचं एकच रडगाणं, लाइट. ऐन दुपारी गिऱ्हाईक दारात आणि लोडशेडिंग सुरू. "बाबा, हे मशीन म्हंजी निस्ता सांगाडा झालाय बघा. मोटार हाय पन लाइट नाय. काय चाटू त्या मोटारीला?" हवालदार ऐकून घ्यायचे आणि गाडीचं बॉनेट उघडून आत बघत बसायचे. तेव्हा मला काही कळलं नाही.

आता त्या पुढाऱ्याबद्दल सांगते, आणि सांगताना तोंड कडू होतं. आमच्या वॉर्डाचा पुढारी, त्या हॉटेलाचा मालकही तोच. झेंडावंदन आलं की त्याला माजी सैनिक लागायचा. जसा नारळ लागतो, हार लागतो, तसा एक माजी सैनिक. हवालदारांना घरून उचलून न्यायचे, खुर्चीत बसवायचे, अंगावर शाल टाकायचे आणि फोटो झाला की विसरून जायचे. त्यांच्याकडं असल्या शालींचा एवढा ढीग झाला होता की ते त्यानं गाडी पुसायचे. चांगली पुसली जायची, खरं सांगते.

एका कार्यक्रमाला मीही गेले होते. पुढाऱ्यानं माईक धरला आणि हवालदारांचा हात धरून वर उचलला. "बघा! बघा हा अंगठा! शत्रूच्या गोळीनं मोडलेला हा अंगठा या भूमीसाठी..." टाळ्यांचा कडकडाट. हवालदारांनी मान खाली घातली आणि माईककडं तोंड नेऊन म्हणाले, "गोळी नाही साहेब, हँडल लागलं. मी लहान होतो. मी ड्रायव्हर होतो, टँकवाला नाही." कुणी ऐकलं नाही. बँड सुरू झाला होता. दुसऱ्या दिवशी चौकात फलक लागला. हवालदारांचा चेहरा, मागं रणगाडा, आणि त्याहून दुप्पट मोठा पुढाऱ्याचा चेहरा. मी म्हटलं, तुम्ही तिथून उठून का नाही आलात? ते म्हणाले, "खुर्चीत बसवलं ना बाई. माणूस एकदा खुर्चीत बसवला की त्याचं ऐकत नसतात."

मग त्यांच्या डोळ्यांवर पडदा आला. ऑपरेशन झालं, पण एका डोळ्यानं दगा दिला. मुलानं गाडीची चावी काढून घेतली. मुलगा वाईट नव्हता, मी कुणाला उगाच वाईट म्हणत नाही. चिकलठाण्याच्या कारखान्यात शिफ्टमध्ये राबणारा, थकून येणारा. पण त्याला स्वतःची नवी गाडी लावायला शेड हवी होती. गाडी उभी राहिली. एक आठवडा, दुसरा आठवडा, एक महिना. हवालदार रोज सकाळी तिला पुसायचे. मी खिडकीतून बघायची आणि खिडकी लावून घ्यायची, कारण त्यांच्या वडिलांची गोष्ट मला माहीत होती आणि त्यांनाही.

अशात पुढाऱ्यानं मुलाला गाठलं. हॉटेलाच्या दारात गाडी ठेवू, खाली पाटी लावू, भूतपूर्व सैनिकाची ऐतिहासिक गाडी. शहराची शोभा! मुलगा हो म्हणून बसला. त्याला वाटलं, अब्बांचा मानच होतोय. संध्याकाळी हवालदार माझ्या कट्ट्यावर आले. चहा घेतला नाही. "बाई, तिच्यावर लोक बसतील. फोटो काढतील. कोंबड्या परवडल्या." मी म्हटलं, मुलाला सांगा, नाही द्यायची म्हणून. ते म्हणाले, "शब्द देऊन आला तो. पोराचा शब्द मी खाली पाडू?" मग एकदम हसले. "पण इंजिनचा शब्द तर कुणी दिला नाही ना?"

त्यांचा हिशोब साधा होता. इंजिन काढून लासूरच्या रसवाल्याला द्यायचं. ते तिथं रोज चालेल. आणि पुढाऱ्याची माणसं न्यायला येतील, बॉनेट उघडतील, आत पोकळ बघतील आणि नाक मुरडून निघून जातील. बिनइंजिनाची गाडी कोण नेणार? मग ती शेडमध्येच राहील, दारातली दारात. मला ते पटलं. गणित बरोबर वाटत होतं.

मुलगा पहिल्या शिफ्टला गेलेला असताना भर दुपारी रसवाला टेंपो घेऊन आला, बरोबर दोन गडी. मी बाहेर कट्ट्यावर तांदूळ निवडत पहारा दिला. शेजारीण विचारायला आलीच, "काय चाललंय हो समोर?" मी म्हटलं, "ऑपरेशन." ती हवालदारांच्या डोळ्याबद्दल हळहळ करून गेली. तिकडं साखळी लावून इंजिन वर उचललं. हवालदार एका हातानं साखळी धरून, दुसऱ्यानं इंजिनावर हात ठेवून, "आहिस्ता, आहिस्ता" म्हणत होते. पोरगी सासरी पाठवतात तसं त्यांनी तिला टेंपोत बसवलं, एका शालीत गुंडाळून. पुढाऱ्याच्याच शालीत! आम्ही दोघं इतके हसलो की माझे तांदूळ सांडले.

चार दिवसांनी पुढारी क्रेन घेऊन आला. बरोबर फोटोवाला, पाच-दहा कार्यकर्ते, हार. हवालदारांनी इस्त्रीचे कपडे घातले होते, मेडल लावलं होतं. मुद्दाम. खुर्ची दिली तर बसले नाहीत, उभे राहिले. माझ्याकडं बघून त्यांनी हळूच डोळा मिचकावला, त्या एका चांगल्या डोळ्यानं. गाडीला पट्टे बांधायला लागले. कुणी बॉनेट उघडेना. हार घातला, फोटो काढला, तरी बॉनेट उघडेना. शेवटी हवालदारच म्हणाले, "साहेब, बॉनेट तो खोलके देखो."

पुढाऱ्यानं बॉनेट उघडलं. आत वाकून बघितलं. आणि तो मेला तोंडभरून हसला! "अरे वा! इंजिन काढून ठेवलंय का? बरं झालं बाबा, क्रेनला हलकं पडेल. आम्हाला काय, फक्त बॉडी पाहिजे." कार्यकर्ते पण हसले. एकजण म्हणाला, आत फुलझाडांच्या कुंड्या बसतील, मस्त दिसेल.

हवालदारांचा चेहरा मी बघितला आणि माझी नजर खाली गेली. एवढा वेळ न बसलेला माणूस त्या खुर्चीत बसला. क्रेननं गाडी उचलली, ती हवेत हलत होती आणि उजव्या बाजूचा तो पिवळा हात टक्‌कन बाहेर आला. कधी नव्हे तो, हिसक्यानं आपोआप. रस्त्यावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी पुढाऱ्याला म्हटलं, "लाज वाटत नाही का हो तुम्हाला?" तो म्हणाला, "कशाची मॅडम?" आणि खरंच सांगते, त्याला कळलंच नव्हतं कशाची. त्याच्यावर चिडून तरी काय उपयोग?

त्यानंतर हवालदार जालना रोडला कधी गेले नाहीत. विमानतळाकडची रिक्षा असेल तर बसायचे नाहीत. पण दर रविवारी आम्ही पॅसेंजर गाडीनं लासूर स्टेशनला जायचो. रसवाल्यानं इंजिन लोखंडी चौकटीवर बसवलं होतं, पाण्याला पिंप, पट्टा थेट उसाच्या चरकाला. पेट्रोल तो कसलं कसलं मिसळून घालायचा, त्यामुळं धूर पहिल्यापेक्षा दुप्पट. हवालदार बाकड्यावर बसायचे, डोळे मिटायचे आणि ऐकायचे. मध्येच म्हणायचे, "टॅपेट बोल रहा है," आणि रसवाला पाना घेऊन धावायचा. मला त्यातलं काही ऐकू येत नसे, मला नुसता ठणठणाट वाटायचा. "कसलं हो हे संगीत तुमचं," मी म्हणायची. ते डोळे न उघडता म्हणायचे, "चालतंय ना, बाई. बस."

पुढच्याच उन्हाळ्यात ते गेले. एकाएकी, सकाळी चहाला येता येता छातीत कळ आली. मी आणि त्यांच्या मुलानं दवाखान्यात नेलं, तोवर संपलं होतं. मी बाहेर बाकावर बसले होते, हातात त्यांची टोपी. आतून एक माणूस आला आणि विचारलं, "बॉडी कोण घेणार?" त्याचं काही चुकलं नाही, तिथं तसंच म्हणतात. पण माझ्या अंगाचा असा संताप झाला की मी उठून उभी राहिले आणि ओरडले, "हवालदार म्हणा! हवालदार आहेत ते!" तो घाबरून मागं सरला. मुलानं मला धरून बसवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

घरी आणलं तर दारात पुढारी हजर. त्याला कुणी कळवलं देव जाणे, असल्या माणसांना वास येतो. पांढरे कपडे, मोठा हार, मागं फोटोवाला. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, मोठा माणूस गेला, आपण असं करू, जनाजा हॉटेलवरून नेऊ, फक्त दोन मिनिटं त्या गाडीपाशी ठेवू, लोकांना दर्शन होईल, पेपरवाले येणार आहेत. मी पायरीवर उभी होते. माझ्या तोंडात जे आलं होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण मला बोलायची वेळच आली नाही. मुलगा त्याचा हात खांद्यावरून काढून म्हणाला, "साहेब, जनाजा थांबवत नसतात. आणि अब्बांना तर उभं राहणं कधीच आवडलं नाही. आम्ही कुठंच थांबणार नाही." गाडी दिली त्या दिवसापासून मी त्या पोराशी धड बोलले नव्हते. त्या क्षणी त्याच्या तोंडावरून हात फिरवावा असं मला वाटलं.

ते निघाले. गल्लीतून झपझप, खांदे बदलत, एकदाही न थांबता. बायका कब्रस्तानात जात नाहीत. मी दारात उभी राहून दिसेनासे होईपर्यंत बघितलं. घरात पाऊल टाकवेना. मग पायात चप्पल घातली, स्टेशनवर गेले आणि लासूरचं तिकीट काढलं.

रसवंतीवर गर्दी होती. लाइट गेलेले, इंजिन ठणठणत होतं, धूर सोडत होतं. रसवाल्यानं मला एकटीला बघितलं आणि माझ्यामागं बघायला लागला. "बाबा कुठं हायत?" मी सांगितलं. त्याचा चेहरा पडला. त्यानं ऊस खाली ठेवला आणि इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. गिऱ्हाईकं गप्प झाली, दोघातिघांनी टोप्या काढल्या. रसवाला हात जोडून इंजिनापुढं उभा राहिला.

"बंद कामून केलंस?" मी विचारलं.

"आवं बाई, बाबा गेले ना. मान नको का द्यायला? दोन मिन्टं उभी ऱ्हाऊ द्या तिला."

"उभी? अरे, उभी ठेवायची असती तर तुला कशाला दिली असती? चालू कर! आधी चालू कर!"

मी त्याची वाट बघितली नाही. हँडल भिंतीला टेकवलेलं होतं, ते उचललं आणि समोर घातलं. अंगठा बाहेर. म्हाताऱ्या बाईच्या दंडात केवढा तो जोर असणार, पहिल्या हिसक्याला नुसता खोकला आला. रसवाला "बाई, नका, मी करतो" म्हणत पुढं आला, त्याला मी कोपरानं ढकललं. पुन्हा फिरवलं, पुन्हा. खांद्यातून कळ गेली आणि तिनं पेट घेतला. चरक फिरायला लागला. काळ्या धुराचा लोट सरळ माझ्या अंगावर आला, पांढऱ्या साडीवर, तोंडावर, डोळ्यांत.

आणि सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "अहो हवालदार, धूर बघा तुमचा!"

बाकडं रिकामं होतं. मी तिथं बसून पदरात तोंड घालून रडले. रसवाल्यानं इंजिन बंद केलं नाही. माझ्यापुढं त्यानं एक ग्लास आणून ठेवला. बर्फ घातला नव्हता.